प्रभागातल्या युवा प्रतिष्ठानाने अफवा आणि द्वेषाच्या संदेशांविरुद्ध नेमके काय करावे?

पूर्वभाग सचिव:

सर्वांना नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागात आमचे एक नोंदणीकृत युवा प्रतिष्ठान आहे. गेल्या अकरा वर्षांत आम्ही रक्तदान शिबिरे घेतली, शाळकरी मुलांना वह्या वाटल्या, गणेशोत्सवात लेझीमचे डाव बसवले आणि कोविडच्या दिवसांत यंत्रमाग बंद पडले तेव्हा घरोघर शिधा पोहोचवला. या कामांमुळे गल्लीतली माणसे आमच्या शब्दाला थोडीफार किंमत देतात. माझा आजचा प्रश्न त्या किमतीविषयीच आहे.

यंदाच्या श्रावणात आमच्या भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दीड-पावणेदोन मिनिटांचा एक आवाजी संदेश फिरला. एक बाई हुंदके देत सांगते की, चौकातल्या 'त्यांच्या' बेकरीतला पाव खाऊन तिच्या घरची दोन मुले दवाखान्यात आहेत, पावात मुद्दाम काहीतरी मिसळले जाते, आणि हे प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा. त्यात बेकरीचे नाव नव्हते, चौकाचे नव्हते, गावाचेही नव्हते; पण 'त्यांच्या' या एका शब्दाने ज्याला त्याला आपापल्या चौकातली बेकरी आठवली. आमच्या चौकात अशी एकच बेकरी आहे आणि ती चालवणारे गृहस्थ तीस वर्षांपासून पहाटे आमच्या गल्लीत पाव विकत आले आहेत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते माझ्या दारात आले. सायकलला बांधलेल्या टोपलीवरचे फडके त्यांनी बाजूला केले, तेव्हा पहाटे नेलेले पाव जवळजवळ सगळे तसेच होते. ते एवढेच म्हणाले, "तुमच्याच ग्रुपवरनं आलंय म्हणतेत, मालक."

ते खरे होते. आमच्या खजिनदाराने तो संदेश 'काळजी घ्या' एवढे दोन शब्द जोडून प्रतिष्ठानाच्या ग्रुपवर टाकला होता. त्याच्या मनात द्वेष नव्हता. त्याच्या घरी तीन वर्षांची मुलगी आहे आणि तो घाबरला होता. आम्ही जवळच्या दवाखान्यांत चौकशी केली, तर अशी मुले कोठेच दाखल नव्हती. नंतर कळले की, हाच आवाज काही महिन्यांपूर्वी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका नातेवाइकाच्या फोनवरही आला होता. आम्ही ग्रुपवर खुलासा टाकला, परंतु संदेश ज्या वेगाने गेला त्या वेगाने खुलासा गेला नाही, आणि दोघातिघांनी तर 'प्रतिष्ठान विकले गेले' असे लिहिले.

आता आमच्या कार्यकारिणीत तीन मते आहेत. काहींना वाटते की, आपण स्वतःचे तथ्यतपासणी पथक आणि पान सुरू करावे. काहींच्या मते प्रत्येक द्वेषपूर्ण संदेशाची पोलिसांत तक्रार करावी. उरलेले म्हणतात की, हे आपले कामच नाही, आपण रक्तदान आणि लेझीम बघावे. त्यातच एका कंपनीने सामाजिक दायित्व निधीतून एक दिवसाच्या 'सायबर जनजागृती' कार्यक्रमाचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली आहे: सभागृह, पाहुणे, प्रमाणपत्रे आणि जेवण. आमच्यासारख्या छोट्या प्रतिष्ठानाची यातली खरी भूमिका कोणती, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर:

सचिव, तुमच्या खजिनदाराची गोष्ट लपवून न ठेवता लिहिल्याबद्दल आधी तुमचे आभार मानते. अफवा पसरवणारी माणसे वेगळी असतात असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती आपल्याच घरातली, काळजी करणारी माणसे असतात. उपाय शोधताना हे विसरू नका.

एक दिवसाच्या कार्यक्रमाविषयी माझे मत स्पष्ट आहे: तो घेऊ नका, किंवा घेतलात तर तेवढ्यावर काम झाले असे समजू नका. बिहारमधील गया येथे २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात एका संशोधिकेने सुमारे बाराशे लोकांवर प्रयोग केला होता. प्रशिक्षित माणसाने घरी जाऊन खोटी माहिती कशी ओळखावी, हे तासभर समजावून सांगितले. परंतु नंतर तपासले तेव्हा त्या तासाचा लोकांच्या पारखीवर सरासरीने काही परिणाम झालेला दिसला नाही. याच संशोधिकेने पुढे सहकाऱ्यांसह आणि तेथील सरकारी यंत्रणेच्या मदतीने बिहारमध्येच मोठा प्रयोग केला. ५८३ गावांतल्या साडेतेरा हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांपैकी निम्म्या गटाला काही आठवड्यांच्या काळात चार वर्ग दिले. या वेळी फरक पडला, तो चार महिन्यांनंतरही टिकला, आणि मुलांकडून तो त्यांच्या आईवडिलांपर्यंतही पोहोचला. मी छत्तीस वर्षे वर्गात उभी राहिले आहे; मला यात आश्चर्य वाटले नाही. पाढे एका दिवसात पाठ होत नाहीत.

निवृत्तीच्या शेवटच्या दोन वर्षांत मी आठवीच्या वर्गात असे काही तास घेतले होते. मारहाणीचा एक व्हिडिओ 'कालचा, सोलापूरचा' म्हणून फिरत होता. त्यातली मारहाणीची दृश्ये मी मुलांना दाखवली नाहीत. सुरुवातीचे स्थिर चित्र तेवढे फळ्यावर मोठे करून दाखवले आणि म्हटले, कोण बरोबर कोण चूक हे बोलायचे नाही, फक्त दिसते ते सांगायचे. कोणी दुकानाची पाटी वाचायला गेले, तर लिपी आपल्याकडची नव्हती. कोणी रिक्षाचा नंबर पाहिला, तो आपल्या सोलापूरचा एमएच १३ नव्हता. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, सगळ्यांच्या अंगात स्वेटर आहेत. काल तर आपल्याकडे बेचाळीस अंश होतं." तो व्हिडिओ खोटा होता असेही म्हणता येणार नाही, तो दुसऱ्या गावचा, दुसऱ्या हंगामातला होता आणि त्याला खोटे नाव चिकटवले होते. युरोप परिषद या युरोपीय देशांच्या मानवी हक्कविषयक संघटनेसाठी २०१७ मध्ये तयार झालेल्या एका अहवालात माहितीच्या बिघाडाचे तीन प्रकार मांडले आहेत: नकळत पसरलेली चूक, जाणूनबुजून रचलेले खोटे, आणि इजा करण्यासाठी वापरलेले खरे. हे तीन प्रकार आठवीच्या मुलांना अर्ध्या तासात कळतात. मोठ्यांना कळायला जास्त वेळ लागतो, कारण मोठ्यांनी आपली बाजू आधी ठरवलेली असते.

तेव्हा कंपनीला विचारा की, तोच पैसा चार रविवारच्या वर्गांसाठी, कागद, प्रोजेक्टर आणि दोन प्रशिक्षकांच्या मानधनासाठी देता येईल का. नाही म्हणाले तर जेवण आणि प्रमाणपत्रे वाचली असे समजा. माझे चार रविवार तुमच्यासाठी मोकळे आहेत, मानधन नको.

न्यायालयातून:

मी सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो. 'प्रत्येक संदेशाची तक्रार' या दुसऱ्या मताविषयी लिहितो, कारण उत्साहाच्या भरात तरुण मंडळी येथेच चुकतात.

प्रत्येक कटू किंवा अपमानकारक मजकूर हा गुन्हा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुरासाठी शिक्षा देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ रद्द केले, तेव्हा चर्चा, समर्थन आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या सांगितल्या आणि निर्बंध तिसऱ्या पायरीवरच लागू शकतात असे म्हटले. तुमच्या पथकाने हीच चाळणी वापरावी. एखाद्या समाजावर टीका ही चर्चा असू शकते. 'यांच्याकडून काही घेऊ नका, यांना गल्लीत फिरू देऊ नका' हे तिसऱ्या पायरीकडे सरकते. जुन्या दंड संहितेच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १९६ मध्ये धर्म, वंश, भाषा, जात इत्यादी कारणांवरून गटागटांत वैर वाढवण्याचा गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आहे, आणि प्रार्थनास्थळी केल्यास पाच वर्षांपर्यंत. कलम ३५३ मध्ये खोटी माहिती किंवा अफवा पसरवून लोकांत भीती वा वैर निर्माण करण्याविषयी तरतूद आहे. तुमच्या चौकातल्या बेकरीवाल्यांच्या प्रकरणात ही दोन्ही कलमे तपासून पाहण्याजोगी आहेत. मात्र तक्रार करावी की नाही, हा निर्णय त्यांचा असला पाहिजे. प्रतिष्ठानाने तो परस्पर घेऊ नये. नुकसान त्यांचे झाले आहे आणि उद्या त्याच गल्लीत पाव त्यांनाच विकायचा आहे.

तक्रार करायची ठरलीच तर पुरावा नीट जपा. संदेश पुढे पाठवून 'जपून ठेवणे' म्हणजे अफवेचा आणखी एक प्रवास घडवणे होय. ज्या फोनवर संदेश आला तो फोन, संदेशाची तारीख-वेळ दिसणारा स्क्रीनशॉट आणि मूळ ध्वनिफीत, एवढे त्याच फोनवर असू द्या. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा मांडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते आणि त्यावर फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याची, तसेच तज्ज्ञाचीही सही लागते. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यामुळे, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेमुळे, पोलिसांना इलेक्ट्रॉनिक मार्गाने खबर देता येते, पण तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या मंचांना २०२१ च्या नियमांनुसार भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. सार्वजनिक पोस्टबाबत आधी तेथे लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक ठेवा.

ग्रुपच्या ॲडमिननी घाबरून ग्रुप बंद करण्याचे कारण नाही. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून, सामायिक हेतू नसताना, त्याला जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. पण ॲडमिनला आता कोणाचाही संदेश सर्वांसाठी पुसता येतो, आणि तणावाच्या रात्री 'फक्त ॲडमिन लिहू शकतील' ही सोय सुरू करता येते. ज्याच्या हातात हे बटण आहे, त्याने ते वापरावे ही अपेक्षा मी कायद्याच्या पलीकडे जाऊन करतो.

मंगळवेढेकर:

वरील दोन्ही उत्तरे वाचली. मी मंगळवेढा तालुक्यातला आहे, म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच माणसांना मुले पळवणारे समजून ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे लोक होते, आणि त्यातले बहुतेक आमच्या तालुक्यातले होते. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारले गेले. प्रेते गावी आली त्या दिवशीचा आक्रोश ज्यांनी ऐकला, त्यांच्यासाठी 'अफवा' हा शब्द पुन्हा कधी हलका राहिला नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात, १७ जुलैला, जमावाच्या हिंसेविषयी निकाल देऊन प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी नेमण्यास सांगितले, आणि व्हॉट्सॲपनेही भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली. आमच्याकडची माणसे तोवर गेली होती.

त्या काळात देशभर मूल पळवल्याचा एक व्हिडिओ फिरत होता. तो मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जाहिरात होती. मोटारसायकलवरचे लोक मूल उचलून नेतात आणि नंतर परत आणून सोडतात, मग मुलांवर लक्ष ठेवा असा संदेश येतो. कोणीतरी शेवट कापला आणि फक्त उचलून नेण्याचा भाग उरला. म्हणजे तुमच्यासारख्याच एका संस्थेची चांगली चित्रफीत माणसे मारण्याच्या कामी आली. म्हणून प्रतिष्ठानाने खुलासा करताना मूळ अफवा जशीच्या तशी पुन्हा टाकू नये, आणि काही दाखवावेच लागले तर 'खोटे आहे' ही अक्षरे चित्राच्या मधोमध असावीत, कापता न येतील अशी.

आणखी एक काळजी. तरुण मुले जागरूकतेच्या नावाखाली रात्रीच्या गस्ती सुरू करतात, अनोळखी माणसाला थांबवून आधारकार्ड मागतात. तुमच्या प्रतिष्ठानाने हे कदापि करू नये. कोणा परक्याभोवती गर्दी जमू लागली तर तुमच्या दोन मुलांनी त्या माणसाच्या शेजारी जाऊन उभे राहावे, त्याच्याशी बोलत राहावे आणि तिसऱ्याने ११२ वर फोन करावा. लेझीमपथकातल्या मुलांना गर्दीत रांग धरायची सवय असते, त्यांना हे शिकवता येईल.

पूर्वभाग सचिव:

शिक्षिकाताई, वकीलसाहेब आणि मंगळवेढ्याचे दादा, आपल्या तिघांच्या उत्तरांची छापील प्रत मी कार्यकारिणीपुढे ठेवणार आहे. परक्याच्या शेजारी उभे राहण्याची सूचना आम्हांपैकी कोणालाही सुचली नव्हती. एक अडचण मात्र सांगतो. आमच्या भागात निम्म्या घरांत तेलुगू बोलतात, पलीकडच्या गल्ल्यांत दखनी, आणि काही घरांत कन्नड. मराठी खुलासा वाचणारे वाचतात. पण ज्या बायकांनी तो आवाजी संदेश सर्वांत आधी ऐकला, त्या मोठा मजकूर वाचतच नाहीत. येथे काय करावे?

विडीकामगाराची मुलगी:

सचिवदादा, याचे उत्तर मी देऊ शकेन. माझी आई आणि मावशी गेली पंचवीस वर्षे विड्या वळतात. मांडीवर सूप, त्यात कापलेली पाने आणि तंबाखू. दोन्ही हात सतत गुंतलेले. फोन शेजारी जमिनीवर ठेवलेला असतो आणि त्यातून काहीतरी मोठ्या आवाजात सतत वाजत असते. वाचायला हात मोकळे नाहीत आणि नजरही नाही. त्यामुळे आवाजी संदेश आमच्या घरात जितका खोल जातो, तितका दुसरा कोणताही जात नाही. सकाळी माल घेऊन कारखान्याच्या शाखेत गेल्यावर रांगेत तोच एकमेकींना सांगितला जातो आणि दुपारपर्यंत तो फोनशिवायच फिरू लागतो. ज्या बाईकडे फोनच नाही तिलाही तो पोहोचलेला असतो.

तुमच्या बेकरीवाल्या काकांविषयीचा तो संदेश मी ऐकला आहे. आईने तो चारदा वाजवला. खोटा असल्याचे मी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "रडतेय की ती बाई, खोटं कशी रडेल?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. चित्राचा मूळ स्रोत गूगलवर शोधता येतो, गाडीचा नंबर पाहता येतो. रडण्याचे काय तपासणार? शिक्षिकाबाईंच्या वर्गात आवाजासाठी वेगळा तास असावा, अशी माझी विनंती आहे. ही बाई कोण, कोणत्या गावची, कोणत्या दवाखान्यातून बोलते, मुलांची नावे काय, ज्याच्यावर आरोप आहे त्याला कोणी विचारले का, हे पाच प्रश्न आईने स्वतः विचारले असते तर संदेश तिच्याकडेच थांबला असता, कारण त्यात एकाचेही उत्तर नव्हते.

खुलासाही आवाजातच द्या, तेलुगूत द्या, आणि तो पुरुष पदाधिकाऱ्याच्या भाषणासारखा नको. शाखेच्या रांगेत जिचे ऐकले जाते अशी एखादी बाई शोधा. अर्ध्या मिनिटाच्या पुढे जाऊ नका. आणि प्रतिष्ठानाच्या कार्यकारिणीत एकही मुलगी नाही, हे मी तुमच्या फलकावरच्या फोटोंवरून जाणते. तेवढे बदलल्याशिवाय आमच्या घरात तुमचा आवाज यायचा नाही.

सोलापूरकर, सध्या पुण्यात:

मी माध्यमशास्त्र शिकतो, म्हणून पहिल्या मताविषयी, म्हणजे तथ्यतपासणी पथकाविषयी, थोडे लिहितो. तथ्यतपासणीचे काम करणाऱ्या चांगल्या संस्था देशात आहेत, मराठीतही हे काम होते. त्यांच्याशी स्पर्धा करायला तुमच्याकडे माणसे नाहीत आणि गरजही नाही. पण एक गोष्ट त्यांच्याकडे नाही. व्हॉट्सॲपवरचे संदेश पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कोणालाच दिसत नाहीत. तुमच्या गल्लीतला आवाजी संदेश कोणीतरी त्यांच्याकडे पाठवेपर्यंत तो अस्तित्वात आहे हेच त्यांना ठाऊक नसते. तुमचे प्रतिष्ठान त्या ग्रुपांत आहे. काय फिरते आहे, ते लवकर ऐकणे आणि योग्य ठिकाणी पोहोचवणे हेच तुमचे पथक करू शकेल. संदेशावर दोन बाणांची खूण असेल तर तो पाच किंवा अधिक हातांतून आलेला असतो, एवढे सर्वांना शिकवले तरी बरेच होईल.

युरोपातले उदाहरण येथे उपयोगी पडेल. युरोप परिषदेने १९७२ मध्ये तरुणांसाठी एक निधी-प्रतिष्ठान स्थापन केले, त्याचे कार्यालय स्ट्रासबूर्गला आहे. ते तरुणांच्या छोट्या संघटनांना अनुदान आणि प्रशिक्षण देते. नॉर्वेमध्ये २२ जुलै २०११ रोजी द्वेषाच्या विचाराने भारलेल्या एका माणसाने ७७ जणांना मारले, त्यांत युवा शिबिरातली मुले मोठ्या संख्येने होती. त्या घटनेनंतर २०१३ मध्ये परिषदेने ऑनलाइन द्वेषाविरुद्ध तरुणांची मोहीम सुरू केली. तिच्यात राष्ट्रीय समित्या, शिक्षकांसाठी पुस्तिका आणि तरुण कार्यकर्त्यांची शिबिरे यांवर भर होता. पैसा वरून आला तरी काम शाळेत, क्लबात, वस्तीत झाले. आपल्याकडे मात्र परदेशी निधी घेण्यासाठी गृह मंत्रालयाची वेगळी नोंदणी लागते, त्या वाटेला तूर्त जाऊ नका.

जुना सोलापुरी:

मी सत्तरीत आहे. सगळ्यांचे वाचले, पटलेही. पण एक गोष्ट अजून कोणी बोललेले नाही, ती मोठ्या भावाच्या नात्याने बोलतो.

ऑक्टोबर २००२ मध्ये या शहरात दंगल झाली तेव्हा व्हॉट्सॲप नव्हते. अमेरिकेतल्या एका धर्मोपदेशकाने तेथल्या दूरचित्रवाणीवर पैगंबरांविषयी काढलेल्या उद्गारांच्या निषेधार्थ बंद पुकारला गेला, आणि त्या बंदमधून येथे माणसे मेली, दुकाने जळली. अमेरिकेतले बोलणे आणि आमच्या पेठेतला चाकू यांचा काय संबंध होता? संबंध जोडणारी माणसे येथलीच होती. म्हणून फोनला सगळा दोष देणे मला मान्य नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून जो हिंसाचार घडला तो आपण पाहिला; तेथेही स्टेटस टाकणारे आणि त्यावरून रस्त्यावर उतरणारे हात तरुणांचेच होते.

शहरातल्या किती युवा प्रतिष्ठानांच्या मिरवणुकीत दुसऱ्या समाजाच्या प्रार्थनास्थळासमोर आल्यावरच आवाज वाढतो? किती पदाधिकाऱ्यांच्या स्टेटसवर तलवारी आणि इशारे असतात? तुमच्या प्रतिष्ठानात असे काही नसेल, तर उत्तमच. असेल, तर चार रविवारच्या वर्गांआधी स्वतःचे अंगण झाडा. मिरवणुकीत कोणती गाणी वाजणार नाहीत, पदाधिकाऱ्याच्या स्टेटसवर काय चालणार नाही आणि चुकीचा संदेश टाकला तर त्याने स्वतः काय करायचे, हे तिन्ही नियम लेखी करा आणि त्यांवर अध्यक्षापासून सगळ्यांच्या सह्या घ्या. प्रभागातल्या पुढाऱ्याकडून वर्गणी घेत असाल तर त्याच्या समर्थकांनी पसरवलेल्या अफवेवरही तुम्हांला तितक्याच मोठ्याने बोलता आले पाहिजे. ते जमणार नसेल तर ती वर्गणी सोडा. दोन वर्षे हात आखडता घ्यावा लागेल, पण 'विकले गेले' म्हणणाऱ्यांना त्याशिवाय दुसरे उत्तर नाही.

सुरुवातीचा दिवस हवा असेल तर १२ जानेवारी घ्या. त्या दिवशी युवा दिन असतो, आणि १९३१ साली त्याच तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिले गेले. चार हुतात्मा पुतळ्यांपाशी तुमची मुले तसेही हार घालायला जातात. त्या दिवशी तेथूनच पहिल्या वर्गाला चला.

पूर्वभाग सचिव:

काल रात्री कार्यकारिणीची बैठक झाली, तिचा वृत्तान्त येथे देणे माझे कर्तव्य आहे.

एक दिवसाचा कार्यक्रम आम्ही नाकारला आहे. कंपनीला चार वर्गांचा प्रस्ताव लेखी दिला आहे, उत्तर यायचे आहे; आले नाही तरी वर्ग आमच्या कार्यालयातच होतील आणि शिक्षिकाताईंचे रविवार आम्ही धरून चाललो आहोत. आवाजासाठी वेगळा तास राहील, त्यातले पाच प्रश्न तेलुगूत लिहून देण्याची विनंती विडीकामगार ताईंना करतो. कार्यकारिणीत दोन जागा मुलींसाठी ठेवण्याचा ठराव झाला. जुन्या काकांनी सांगितलेल्या तीन नियमांवर सह्या झाल्या. मिरवणुकीतल्या गाण्यांच्या नियमावर दोघांनी अद्याप केलेल्या नाहीत, त्यांच्याशी बोलणे सुरू आहे.

बैठकीत सर्वांत जास्त वेळ खजिनदाराच्या विषयाला गेला. त्याला पदावरून काढावे असे काहींचे म्हणणे होते. तो स्वतः उठला आणि म्हणाला, मी सकाळी बेकरीत जाऊन येतो, मग ठरवा. आज पहाटे तो गेला. परतल्यावर त्याने स्वतःच्या आवाजात तेवीस सेकंदांचा संदेश केला: तो संदेश मी ग्रुपवर टाकला होता, मी विचारपूस केली नव्हती, तो खोटा होता, आमच्या घरी आजही त्याच बेकरीचा पाव आला आहे. बेकरीवाल्यांनी आपले नाव घेऊ नका आणि पोलीस तक्रारही नको असे सांगितले आहे, ते आम्ही पाळले. खजिनदाराच्या आईने तेच तेलुगूत सांगितले असून तो संदेश आज शाखेच्या रांगेत पोहोचला, असे कळते.

दखनीत सांगायला माणूस मिळाला आहे. कन्नडसाठी अजून कोणी नाही. अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला राहणारे, घरी कन्नड बोलणारे आणि रविवारी दोन तास देऊ शकणारे कोणी हे वाचत असेल, तर त्यांनी येथेच उत्तर लिहावे.